सीलबंद डबा गावी जातो

माझे सासरे बदरुद्दीन यांच्यावर मला ओरडता येत नाही. आमच्यात जावई सासऱ्यासमोर आवाज चढवत नाही आणि सासरा जावयाला अहो-जाहो करतो, त्यामुळे भांडणाला सुरुवातच होत नाही. मग मी एसीवर ओरडतो. गाडीत असलो तर हॉर्नवर राग काढतो. अगदीच असह्य झालं तर सफियाला, म्हणजे माझ्या बायकोला, स्वयंपाकघरात गाठतो आणि म्हणतो, "तुझ्या अब्बांना काहीतरी समजाव." ती कांदा चिरता चिरता म्हणते, "तुमीच सांगा ना." मी परत एसीकडे जातो.

अब्बा दापोलीजवळच्या खाडीकाठच्या आमच्या गावातून ऐन तारुण्यात कुवेतला आले आणि चाळीस वर्षं इथेच राहिले. त्यातली बरीचशी जलीबच्या कामगारवस्तीतल्या एका खोलीत गेली, जिथे माणसं पाळीपाळीने झोपायची आणि प्रत्येकाच्या नावाची एक पेटी पलंगाखाली असायची. सासूबाई, म्हणजे जमिलाअम्मी, पहिल्यापासून गावीच. अब्बा अहमदीतल्या एका ठेकेदाराच्या गोदामात स्टोअरकीपर होते. पूर्वी स्वतः लोखंडी सामान उचलून मांडायचे. शेवटी शेवटी दिवसभर दारापाशी खुर्चीत बसून गेटपास तपासायचे. जलीबच्या इमारतीचे जिने चढवेनात तेव्हा आम्ही त्यांना मंगाफला आमच्या फ्लॅटवर आणलं. तेही सुखासुखी नाही. मुलीच्या घरी राहायचं म्हणजे त्यांना मोठा संकोच. स्वतःची थाळी स्वतः धुवायचे. फ्रिज उघडायच्या आधी विचारायचे. माझ्याच घरात माझे सासरे मला विचारायचे, "मुबीन, थंड पाणी घेऊ काय?" याचं उत्तर काय द्यायचं हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

त्यांचे पाय बारीक व्हायला लागले ते आधी त्यांच्या पँटीवरून कळलं. पट्टा आवळून आवळून कमरेला चुण्या पडायला लागल्या. मग जुम्म्याच्या नमाजाला सजद्यातून, म्हणजे जमिनीला कपाळ टेकून, उठताना त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर यायला लागला. मशिदीत मागच्या ओळीला खुर्च्या मांडलेल्या असतात. मी एकदा नुसतं तिकडे पाहिलं, तर म्हणाले, "ती म्हाताऱ्यांसाठी हाय." स्वतःचं वय सत्तरीला टेकलेलं. नंतरच्या एका जुम्म्याला ते उठता उठता सरळ माझ्या अंगावर कलंडले, आणि मी दुसऱ्याच दिवशी त्यांना फाहीलच्या क्लिनिकमध्ये नेलं.

तिथे आहारतज्ज्ञ म्हणून एक सुमेधा मॅडम आहेत, पुण्याच्या. मराठी बोलायला मिळालं म्हणून अब्बा खूश झाले आणि तपासणी राहिली बाजूला, त्यांना खाडीतल्या कालवांची कृती सांगत बसले. मॅडमनी शेवटी त्यांना हाताची घडी घालून खुर्चीतून उठायला सांगितलं. अब्बा पुढे झुकले, मागे गेले, पुन्हा झुकले. नंतर हाताची घडी गुपचूप सोडून खुर्चीचा दांडा धरून उठले आणि विजयी चेहऱ्याने माझ्याकडे बघायला लागले.

"काका, दांडा नाही धरायचा," मॅडम म्हणाल्या.

"दांडा हाय म्हणून धरला," अब्बा म्हणाले.

मॅडमनी मला नीट समजावून सांगितलं. वय वाढलं की स्नायू आपोआप झिजतात, आणि दिवसभर बसून राहिलं की जास्त झिजतात. खाण्यात प्रथिनं कमी पडली तर मग विचारायलाच नको. अब्बा मच्छी खातात, पण तुकडा दुसऱ्याच्या ताटात वाढून स्वतः कालवणभात जेवतात, हे सफियाने कबूल केलं. मूत्रपिंडांच्या तपासण्या ठीक आल्यावर मॅडमनी प्रथिनांची पावडर लिहून दिली, ड जीवनसत्त्वही दिलं. या देशात सूर्य डोक्यावरून हलत नाही आणि आमच्या अंगात ड जीवनसत्त्व नाही, कारण उन्हात जायची कुणाची हिंमतच नाही. मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. नुसती पावडर पिऊन काही होत नाही, पायांना काम दिलं तरच ती कामाला येते. म्हणून रोज खुर्चीतून उठबस करायची आणि ओटा धरून टाचा उचलायच्या.

घरी आल्यावर सफियाने अब्बांना अट घातली. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचं कंपनीतलं काम संपणार होतं. मग ते कायमचे गावी जाणार, चाळीस वर्षांनी अम्मींबरोबर एका घरात राहणार, हे ठरलेलं होतं. सफिया म्हणाली, "अब्बा, जमिनीवरून स्वतःच्या स्वतः उठता आलं तरच तिकीट. गावी सगळं जमिनीवरच हाय. तुमी पडलात तर अम्मी तुमाला कशी उचलणार?" अब्बांनी मान डोलावली. त्यांना गावी जायचं होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. जलीबच्या पेटीत त्यांनी घराच्या ओटीसाठी दिव्याच्या काचा जमवून ठेवल्या होत्या.

पहिला डबा सफियाने स्वतः उघडला, स्वतः दुधात घुसळून दिला. अब्बांनी तोंड वाकडं करत प्यायला. तो संपेपर्यंत त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर थोडा कमी दाबायला लागला होता, असं मला वाटलं. मी हुरूप येऊन त्यांना व्यायामशाळेतली पोरं वापरतात तसली झाकणाची बाटली आणून दिली. "सफिया, तू कामावर जातेस, मी माझं करून घेईन," अब्बा म्हणाले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. चाळीस वर्षं गोदाम सांभाळलेला माणूस इतक्या सहजी शहाणा होत नाही.

पुढे रोज सकाळी मी दाढी करत असताना स्वयंपाकघरातून बाटली खळखळल्याचा आवाज यायचा. मी बाहेर येईपर्यंत अब्बांच्या मिशीला पांढरा फेस लागलेला असायचा. ओट्यावरच्या फळीवर डबा असायचा. संपला म्हणाले की मी नवीन आणायचो आणि ते "माझ्या कपाटात ठेवतो" म्हणून घेऊन जायचे. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा मी मॅडमना छाती पुढे काढून सांगितलं की अब्बा एक दिवसही चुकवत नाहीत. अब्बांनी मान डोलावली. मग मॅडमनी उठायला सांगितलं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट उठले. उठलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. पावडर बदलून बघू म्हणाल्या, आणखी तपासण्या लिहिल्या. परतताना मी गाडीत त्या कंपनीला शिव्या घातल्या, मॅडमनाही थोडं बोललो. अब्बा शेजारी बसून म्हणाले, "जाऊ दे. कंपनीचा दोष नाय."

सगळा उलगडा झाला तो अशरफमुळे. अशरफ गावचाच, माझ्या चुलत्याचा मुलगा, रजेवर निघाला होता. रजेवर जाणाऱ्याच्या सामानात सगळ्या गावाचं सामान जातं, हे सांगायला नको. कुणाची पावडर, कुणाची चादर, कुणाच्या सुनेला अत्तर. दुपारी विमानतळावरून त्याचा फोन आला. "मुबीनभाई, वजन जास्त भरलंय. तुमच्या सासऱ्यांचं पार्सल काढतोय. येऊन घेऊन जा, नायतर इथंच टाकावं लागेल."

मी कामावरून परवानगी काढून धावत गेलो. अशरफ वजनकाट्याशेजारी उघडी बॅग घेऊन उकिडवा बसला होता. त्याने जुन्या लुंगीत गुंडाळलेलं, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेलं एक बोचकं माझ्या हातात दिलं. वर काळ्या मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: जमिला बदरुद्दीन. बोट लावताच आत काय आहे ते मला कळलं. तो डबा मीच तर आणला होता.

"हे असं आधीही गेलंय?" मी विचारलं.

अशरफने माझ्याकडे कीव करून पाहिलं. "भाई, यंदा जो जो गावी गेला त्याच्याकडे एक एक होता. साबीरने नेला, अबरारने नेला. सगळ्यांना माहीत हाय. तुमाला नाय माहीत?"

मला नव्हतं माहीत. माझ्या फळीवरून गावी डबे जात होते, सगळ्या कुवेतला माहीत होतं, आणि मी पुण्याच्या मॅडमना शिव्या घालत फिरत होतो. परतीच्या वाटेवर मी हॉर्नवर इतका राग काढला की पुढच्या पाण्याच्या टँकरवाल्याने खिडकीतून हात काढून मला शांत राहायची खूण केली.

घरी येऊन मी आधी फळीवरचा डबा उघडला. आत चिकटपट्टीचं रीळ, कात्री आणि काळा मार्कर. बाटली हुंगली, तर जिरं घातलेल्या लबानचा वास. खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, आणलेलं ताक रोज सकाळी मला ऐकू जाईल असं घुसळून हा माणूस मिशीला फेस लावून बसत होता. मी बोचकं जेवणाच्या टेबलावर ठेवलं. सफिया कामावरून आली, तिने आधी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पर्स न ठेवताच खुर्चीवर बसली. अब्बा गोदामातून आले आणि त्यांनीही बोचकं पाहिलं.

"वजन जास्त झालं काय?" त्यांनी विचारलं.

"अब्बा," मी म्हणालो. आवाज चढू नये म्हणून मी टेबलाची कड धरली होती. "हे औषध हाय. तुमच्यासाठी."

"सीलबंद डबा हाय," अब्बा म्हणाले, "सीलबंद डबा गावी जातो."

एवढंच. जणू मी इथला राहण्याचा परवाना, इकामा, म्हणजे काय असं विचारलं होतं. हे मी लहानपणापासून बघितलं आहे. आमच्या घरीही असंच. इथे राहणाऱ्या माणसाने दुधाची पावडर, संत्र्याच्या सरबताची पूड, वेदना घालवायचा बाम, जे जे सीलबंद आणि चांगलं, ते पेटीत ठेवायचं. स्वतः सुट्या पत्तीचा चहा प्यायचा आणि मिळेल तो खुब्ज, म्हणजे इथली रोटी, खायचा. अब्बांनी चाळीस वर्षांत कुवेतमध्ये स्वतःसाठी एकही डबा उघडलेला नव्हता. उघडलेला डबा म्हणजे चोरी, असंच त्यांच्या हाडांत बसलं होतं. पण ही पावडर त्याच हाडांभोवतीच्या मांसासाठी होती, हे या माणसाला कोणी सांगायचं?

सफियाने सांगायचा प्रयत्न केला. ती रडकुंडीला आली. "अब्बा, तुमाला गावी जायचं नाय काय? उठता नाय आलं तर मी पाठवणार नाय तुमाला, सांगितलं होतं ना?"

"म्हणून तर," अब्बा म्हणाले आणि फोन काढून अम्मींना व्हिडिओ कॉल लावला.

अम्मी ओटीवर चटईवर बसून जवळा निवडत होत्या. मागच्या भिंतीला आम्ही आणलेले डबे रांगेने मांडलेले होते, रिकामे झालेले. एकात तांदूळ होते, एकात सुक्या मिरच्या. "जमिला, उठून दाखव," अब्बा म्हणाले. अम्मींनी सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि उठल्या. भिंत धरली नाही, गुडघ्यावर हात ठेवला नाही. सरळ उठून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय झालं?" दोन वर्षांपूर्वी मी गावी गेलो होतो तेव्हा त्याच चटईवरून त्यांना मी आणि सफियाने दोन्ही बाजूंनी धरून उठवलं होतं.

अब्बांनी आमच्याकडे बघितलं. "रोज करते. टाचा उचलते, खुर्चीतून उठबस करते. मीच शिकवलं फोनवर, मॅडमनी सांगितलं तसं."

"ती करते, आणि तुमी?" सफिया म्हणाली.

तेव्हा अब्बा जे बोलले ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. गेल्या पावसाळ्यात अम्मी मोरीत पडल्या होत्या. उठता आलं नाही. शेजारची रुकय्या मीठ मागायला आली तोपर्यंत तशाच ओल्या जमिनीवर पडून होत्या. आम्हाला सांगू नका, सफिया नोकरी सोडून येईल, असं म्हणून अम्मींनी अब्बांना शपथ घातली होती. सफियाने फोन स्वतःकडे वळवला. अम्मींनी पदर तोंडाला लावला.

"इथं मी पडलो तर उचलायला तुमी हाव," अब्बा मला म्हणाले. "तिथं ती पडली तर कोण हाय? दोघांपैकी एकाला डबा पायजे होता. मी तिला दिला. आता तिच्यात ताकद आली. मी गावी गेल्यावर पडलो तर ती उचलील मला. हिशोब बरोबर हाय."

मला इतका राग आला की काय सांगू. राग या गोष्टीचा की अर्ध्या भागात ते बरोबर होते. आणि दोन डबे मागितले असते तर मी दोन आणले असते, चार आणले असते. हे मी म्हणालोसुद्धा. अब्बांनी टेबलावरची लुंगी नीट केली. "मुलीच्या घरात राहतो, मुबीन. जेवतो, झोपतो. त्यात आणखी एक डबा कसा मागायचा?" फ्रिज उघडताना विचारणारा माणूस. मला त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं, आणि रडूही आलं. यातलं काहीच जावयाला करता येत नाही. मी एसीचा रिमोट शोधायला लागलो.

प्रश्न सोडवला अम्मींनी. फोनवरून त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मी काय हमाल हाय काय?" त्या म्हणाल्या. "म्हातारा उचलायला मी ते बेचव पाणी पीत होते? मना तुमी सांगितलं, कुवेतला सगळ्या बायका पितात. आता ऐका. तुमी स्वतःच्या पायावर या नायतर येऊच नका. पुढचा तुमचा डबा इथं आला तर रुकय्याच्या म्हशीला घालीन." आणि फोन ठेवून दिला. अब्बांनी काळी स्क्रीन बाहीने पुसली आणि फोन पालथा ठेवला. म्हशीची गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली असावी.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. औषधाच्या दुकानातून डबे घेतले की अम्मींचा सीलबंद वेगळ्या पिशवीत. अब्बांचा डबा पार्किंगमध्येच त्यांच्यासमोर उघडायचा आणि आतला चंदेरी कागद गाडीच्या किल्लीने टराटरा फाडायचा. पहिल्यांदा फाडला तेव्हा अब्बांनी डोळे मिटले. "हवा लागेल," एवढंच म्हणाले आणि मंगाफ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. पण माझा हिशोबही बरोबर होता. उघडा डबा कुणाच्या बॅगेत जात नाही, आणि उघडलेलं अन्न वाया गेलेलं अब्बांना बघवत नाही. दुसऱ्या दिवसापासून ते मुकाट प्यायला लागले. मच्छीचा तुकडाही सफियाने त्यांच्या ताटात ठेवून समोर बसायला सुरुवात केली.

मग माझ्या घरात रोज संध्याकाळी नवा तमाशा सुरू झाला. साखरेच्या बरणीला फोन टेकवून ठेवलेला, पलीकडे अम्मी खुर्चीत, अलीकडे अब्बा खुर्चीत. अम्मी मोजतात, दोघं उठतात, बसतात. अब्बांचा हात चोरून दांड्याकडे गेला की गावाहून ओरड येते, "हात वर." माझ्या बातम्या बुडतात. टीव्हीचा आवाज वाढवला की तिकडून अम्मी विचारतात, कोण बोलतंय मध्ये. सुमेधा मॅडमना मी खरा प्रकार सांगितला तेव्हा त्या इतक्या हसल्या की बाहेरचे पेशंट डोकावले. मग गंभीर होऊन म्हणाल्या, वेळ वाया गेलाय, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण चालू ठेवा. अब्बा मान डोलावत होते. पण त्यांच्या मान डोलावण्यावरचा माझा विश्वास उडाला होता. मी त्यांचे पाय बघत होतो.

अब्बा कायमचे गावी निघाले त्या दिवशी फ्लॅटची बाहेरची खोली सामानाने भरली होती. दिव्याच्या काचा कपड्यांत गुंडाळून झाल्या होत्या. निघायची वेळ म्हणून सफियाने एसी बंद केला होता. शेवटचा खोका बांधायला अब्बा जमिनीवर मांडी घालून बसले, शेजारी रीळ, कात्री, मार्कर. मी वरून डोकावलो. खजूर, साबण, अम्मींचे दोन सीलबंद डबे. आणि कोपऱ्यात एक डबा अर्धा संपलेला, झाकणाला चिकटपट्टीचे वेढे दिलेला. त्याच्यावर मार्करने लिहिलं होतं: बदरुद्दीन. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून गावी गेलेल्या कुठल्याही वस्तूवर ते नाव नव्हतं.

त्यांनी खोका बंद केला, पट्टी ओढली, कात्रीने कापली. मी सवयीने हात पुढे केला. अब्बांनी माझ्या हाताकडे पाहिलं, त्यात चिकटपट्टीचं रीळ ठेवलं, एक हात स्वतःच्या गुडघ्यावर टेकला आणि उठले. हळू उठले, मध्ये थांबले, पण उठले. "ते जागेवर ठेवा आणि गाडी काढा, मुबीन," म्हणाले, "उशीर होतोय." मला कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि एसीही बंद होता.